आधी माप, मग रंग

युसूफभाई गेल्याचं मला भाजीवालीनं सांगितलं. मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "बांगड्यावाले चाचा गेले म्हणं परवा. तुमच्याच दवाखान्यात होते ना ते पहिले?" मी "व्हय" म्हटलं आणि पिशवी तिथंच विसरून घरी आले. संध्याकाळी सेनगावहून शांताचा फोन. शांता माझी धाकटी बहीण. बातमी तिच्यापर्यंतही पोचली होती. "आक्का, तो युसूफ गेला म्हणं. मला मारायला निघालेला माणूस ऐंशी वर्षं जगला बघ!" आणि नेहमीसारखी मी गप्प बसले. चाळीस वर्षांहून जास्त काळ मी या एका वाक्यावर गप्प बसत आले आहे. एरवी माझं तोंड किती चालतं हे हिंगोलीत ज्यांना माहीत आहे त्यांना हे खरं वाटणार नाही. पण आज युसूफभाईंबद्दल लिहायचं तर त्या गप्प बसण्याबद्दलच लिहावं लागेल, दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता, आणि मी नर्सिंग करून नुकतीच एका डॉक्टरबाईंच्या खासगी दवाखान्यात लागले होते. तो दवाखाना आता नाही, डॉक्टरबाईही नाहीत. बाई हुशार, हाताला यश असलेल्या आणि जिभेला धार असलेल्या. बाळंतपणं त्यांच्याकडं लांबलांबून यायची. रक्तपेढी जवळपास कुठं नव्हती, म्हणून रोग्याबरोबर आलेल्या प्रत्येक धडधाकट माणसाचा रक्तगट तपासून त्याचं नाव, गाव, गट एका जाडजूड वहीत लिहून ठेवायचा बाईंचा नियम होता. वेळ आली की त्या वहीतून माणूस शोधायचा, त्याला बोलावून आणायचं आणि रक्त घ्यायचं. वही लिहायचं काम केसपेपरच्या टेबलावर बसणाऱ्या युसूफभाईंचं. उंच, किडकिडीत माणूस, कानावर कायम पेन्सिल. वडील मणियार, काचेच्या बांगड्यांचं दुकान गावात होतं आणि आठवड्याचे सगळे बाजारही ते फिरायचे. युसूफभाई मात्र सातवी शिकून दवाखान्यात चिकटलेले. बांगड्यांत जन्मलेला माणूस कागदांत कसा रमला याची मी तेव्हा भरपूर थट्टा केली आहे.

वहीत नावं ज्या क्रमानं माणसं आली त्या क्रमानं लिहिलेली. सहाशेच्या वर नावं झाली होती. एके दिवशी दुपारी गिरणीच्या पट्ट्यात पदर अडकलेली एक बाई आणली. हात खांद्यापासून सोलून निघालेला. तिला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. मी वही घेतली आणि पानं उलटू लागले. आमची शोधायची रीत अशी होती की आधी गाव बघायचं, कारण माणूस जवळचा हवा, मग गट, मग त्यानं गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलं आहे का ते. हिंगोलीतली नावंच दीडशेच्या आसपास. प्रत्येकापुढं बोट ठेवायचं, गट वाचायचा, पुढं सरकायचं. नातेवाईक दारात उभे राहून माझ्या बोटाकडं बघत होते. मधेच डॉक्टरबाई आतून ओरडल्या, "सिस्टर, सापडलं का?" मी म्हटलं, "बघतेय." असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा त्या ओरडल्या नाहीत, बाहेर येऊन हात पुसत नुसत्या उभ्या राहिल्या. वही मी तरीही चाळत होते... शेवटून चौथ्या पानावर नाव सापडलं. तो माणूस दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, दोन घरं सोडून राहत होता.

त्या दिवशी युसूफभाई घरी गेले नाहीत, वडिलांच्या दुकानात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी आले ते औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापूनच. मला म्हणाले, "सिस्टर, बाई दुकानात येती. म्हणती, हिरव्या दाखवा. आता हिरव्या किती असतात? भिंतभर. पोरगं नवीन असलं की सगळ्या हिरव्या काढून बसतंय, आन् एकबी हातात जात न्हाई. माझा बाप रंग ऐकून घेतो, पर बघतो हात. सव्वादोनचा हात असला की सव्वादोनचंच खोकं काढायचं. मग त्यात हिरव्या पाचच निघतात. आपण उलटं करून राहिलो. गाव म्हंजे रंग. गट म्हंजे माप. आधी माप, मग रंग."

मी म्हटलं, "ती गिरणीवरची बाई मेली आणि तुम्हाला बांगड्या सुचतात?" असं बोलले मी. त्यांनी कात्री खाली ठेवली, माझ्याकडं बघितलं आणि परत उचलली. ते तसेच होते; त्यांना राग आला की ते हातातलं काम जास्त नीट करायचे.

महिनाभर आम्ही दोघं दुपारी बसून वहीतली नावं पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरवत होतो. एका माणसाचं एक कार्ड. अर्धी पानं त्यांची, अर्धी माझी. प्रत्येक गटाला वेगळा डबा. आणि डब्याच्या आत गावांनुसार गठ्ठे लावायचे असं मी धरून चालले होते, तिथं त्यांनी मला आणखी एक धक्का दिला. म्हणाले, "गाव न्हाई, बाजार लिहा. माणूस कोणत्या बाजाराला जातो ते. गावात जीप गेली तर माणूस रानात असतो. बाजाराच्या दिवशी पाच-सात गावांचं माणूस एका जागी सापडतंय, आन् माझा बाप तिथं बसलेलाच असतो. एक हाळी दिली की झालं." कार्डाच्या कोपऱ्याला भोक पाडून एका बाजाराची कार्डं एका दोरीत ओवायची, बांगड्या ओवतात तशी. ज्यानं रक्त दिलं त्याचं कार्ड उलटं ओवायचं आणि तीन महिन्यांनी सुलटं करायचं. रोज सकाळी आल्या आल्या युसूफभाई त्या दिवशी ज्या गावचा बाजार असेल त्याच्या दोऱ्या सगळ्या डब्यांतून काढून दाराजवळच्या खुंटीला टांगायचे. म्हणजे अडचण आलीच तर डबे उघडायचीही गरज नाही; खुंटीवर आजची माणसं तयार. जिथं वही पाऊण तास खायची तिथं आता अर्धं मिनिट लागायला लागलं. डॉक्टरबाई घड्याळ लावून बघायच्या आणि हसायच्या. बाई हसल्या म्हणजे मोठीच गोष्ट.

मी म्हटलं, आता ती वही रद्दीत घाला. त्यांनी घातली नाही. कपाटाच्या वर ठेवली. "दोरी पटकन सांगती, सिस्टर. पर खरं काय ते वहीतच हाय."

कार्डं लिहिताना आमची एकदा चांगलीच जुंपली होती. मी भरभर लिहायची, आणि ते माझी कार्डं वाचून परत पाठवायचे. "गाव पुरतं लिहा. नुसतं वाडी काय? कोणती वाडी?" मला वीट आला होता. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी म्हटलं, "मी या तालुक्यात जन्मले युसूफभाई, मला गावं शिकवू नका." त्यानंतर त्यांनी माझी कार्डं तपासणं सोडून दिलं. जिंकल्यासारखं वाटलं मला.

शांता तेव्हा एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. सेनगावहून तिला एसटीनं माझ्याकडंच आणली होती, म्हटलं घरचा दवाखाना आहे, काळजी नाही. सकाळी नऊच्या सुमारास मुलगी झाली. रडली, छान रडली. आणि त्यानंतर शांताचं रक्त थांबेना. बाईंनी जे जे करायचं ते केलं. मी तिच्या पोटावर मूठ दाबून उभी होते आणि खाली पातेल्यात पडणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकत होते. तिचा गट बी निगेटिव्ह. माझा पॉझिटिव्ह, आईचाही पॉझिटिव्ह, तिच्या नवऱ्याचाही. घरातलं कुणी उपयोगाचं नाही. ओ निगेटिव्ह चाललं असतं, पण त्या गटाची जवळपासची होती ती दोन्ही कार्डं उलटी, दोघांनीही नुकतंच रक्त दिलेलं. बाई म्हणाल्या, "युसूफ!" आणि बाई 'युसूफ' म्हणेपर्यंत तो माणूस दारात कार्ड घेऊन उभा होता. खुंटीवरच्या दोरीतलं होतं ते. त्या दिवशी जवळा बाजार या गावचा बाजार होता. कार्डावर ग्यानबा नावाचा माणूस, बी निगेटिव्ह, गाव जवळा, बाजार जवळा. अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. दवाखान्याची जीप लगेच सुटली. मी शांताच्या कानाशी वाकून म्हटलं, "माणूस सापडला गं. येतोच आहे."

आता काय करायचं, तर वाट बघायची. जायला तास, यायला तास. बाई आत-बाहेर करत होत्या. युसूफभाईंना मात्र बसवेना. त्यांनी स्टुलावर चढून कपाटावरची वही काढली आणि पहिल्या पानापासून बोट ठेवत वाचू लागले. मला ते दारातून दिसत होतं. मला संताप आला. वाटलं, जीप गेली, आता कशाला हे? पाऊण तासानं त्यांचं बोट थांबलं. ते उठले, माझ्यापाशी आले आणि अगदी हळू, शांताला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "सिस्टर, ग्यानबा जवळ्याचा न्हाई. जवळा पांचाळचा हाय."

आमच्या भागातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. जवळा बाजार औंढ्याकडं, जवळा पांचाळ कळमनुरीकडं, आखाडा बाळापूरच्या बाजूला. हिंगोलीतून निघालं तर दोन्हीची तोंडं दोन दिशांना. आणि बोलताना दोन्हीकडची माणसं आपलं गाव नुसतं 'जवळा' असंच सांगतात, कारण प्रत्येकाला वाटतं की जवळा म्हणजे आपलाच. वहीत युसूफभाईंनी दोन्ही शब्द लिहिले होते. कार्डावर एकच शब्द होता. ते कार्ड माझ्या हातचं होतं. माझा 'ळ' मला लांबूनही ओळखू येतो, त्याची शेपटी मी खाली नेऊन डावीकडं वळवते.

जीप उलट्या दिशेला गेलेली. फोन करायचा तर ट्रंक कॉल कधी लागेल याचा भरवसा नाही, आणि रानात असलेल्या माणसाला फोनवर बोलावणार कोण? युसूफभाईंनी चप्पलही घातली नाही. बाळापूरच्या रस्त्यावर आडवे उभे राहून त्यांनी सरकीचा ट्रक थांबवला, हे मला नंतर कळलं. मी मूठ दाबून उभी. हात बधिर झाला तरी उभी. शांताचे ओठ आधी पांढरे झाले, मग राखाडी. ती म्हणाली, "आक्का, तो माणूस यायलाय ना?" मी म्हटलं, "यायलाय." बाराच्या पुढं जीप परत आली, रिकामी. ड्रायव्हर सांगत होता की बांगड्यावाल्या म्हाताऱ्यानं तासभर सगळ्या बाजारात हाळ्या दिल्या, ग्यानबा नावाचे दोघं निघाले, पण त्यातलं कुणीच ते नव्हतं. बाई माझ्याकडं बघत होत्या. मी काही बोलले नाही. त्या वेळी बोलून काय फायदा, असं मी स्वतःला सांगितलं...

दुपारी दीडच्या सुमारास एका मास्तरच्या फटफटीवर तिघं बसून आले. पुढं मास्तर, मधे धोतरातला ग्यानबा, मागं अनवाणी युसूफभाई. ग्यानबाला त्यांनी ज्वारीच्या रानातून उचलला होता. त्याच्या हातात अजून खुरपं होतं. त्याचं रक्त बाटलीत येताना मी बघत होते, आणि माझ्या डोक्यात फक्त वेळेची बेरीज चालली होती. जीप पहिल्यांदाच बरोबर दिशेला गेली असती तर ही बाटली अकरा वाजता लागली असती. शांता वाचली. पण रक्त थांबेना म्हणून बाईंना तिची पिशवी काढावी लागली. एकोणीस वर्षांच्या पोरीची. पुढं सासरी तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मी इथं लिहीत नाही, तिनं ते माझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. शांताचा नवराही तिथं होता. बाई म्हणाल्या, "ते कार्ड कुठं आहे?" युसूफभाईंनी खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा बाई म्हणत होत्या, "हे तुमचं अक्षर ना?" आणि ते म्हणाले, "जी. चूक माझी हाय." मी वाकून बघितलं. ग्यानबा, बी निगेटिव्ह, जवळा... सगळं युसूफभाईंच्या गोल अक्षरात. त्यांनी रात्रीतून नवं कार्ड लिहिलं होतं, माझ्या चुकीसकट. बाईंनी त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. मी तिथं उभी होते. तोंड उघडायला एवढासा वेळ लागला असता. नाही उघडलं.

ते केसपेपरच्या टेबलाचा खण रिकामा करत असताना मी व्हरांड्यात गेले. म्हटलं, "असं काहून केलं तुम्ही?" ते म्हणाले, "मला बापाचं दुकान हाय, सिस्टर. तुमाला बहीण एकच हाय. तिला कळलं तर तुमी दोघी जलमभर बोलणार न्हाई." मग पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले, "तेवढं कार्डावर गाव पुरतं लिहीत जा." निरोप म्हणून एवढंच.

पुढची सतरा वर्षं त्या दोऱ्या मी सांभाळल्या. प्रत्येक कार्डावर पूर्ण गाव, आणि खुंटीवरची दोरी रोज सकाळी वहीशी ताडून बघायची, असा नियम मी घातला. लोक म्हणायचे, सिस्टरच्या खुंटीनं माणसं वाचतात. एकदा तर माझा सत्कारही झाला, नारळ आणि शाल. युसूफभाई वडिलांच्या जागी दुकानात बसले होते. मी तिथं बांगड्या भरायला जायची, आणि ते माझा हात बघून न विचारता अडीचचं खोकं काढायचे. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. शांता मात्र ते दिसतील तिथं तोंड फिरवायची. तिच्या त्या एकुलत्या मुलीच्या लग्नात युसूफभाई स्वतः बांगड्यांची पेटी घेऊन सेनगावला गेले होते, नवरीला चुडा भरायला. शांतानं त्यांना दारातूनच परत पाठवलं, चारचौघांत. मी मांडवात होते. ते पेटी डोक्यावर घेऊन एसटी स्टँडकडं चालत गेले ते मी पाठमोरं बघितलं, आणि पंगतीला वाढायला गेले. मला माझी लाज वाटते. तेव्हाही वाटली होती.

त्यांच्या चाळिसाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. सून नसीम आता दुकान चालवते. तिनं मला एक पत्र्याचा डबा दिला. म्हणाली, "अब्बांनी सांगून ठेवलेलं, हा सिस्टरला द्या म्हणून." डब्यात एक दोरी, आणि दोरीत एकच कार्ड. पुठ्ठा पिवळा पडलेला. ग्यानबा, बी निगेटिव्ह, जवळा. माझा ळ. त्याच्यापुढं त्यांच्या अक्षरात 'पांचाळ' असं भरलेलं. आणि खाली, 'रक्त कुणाला दिलं' या रकान्यात, 'शांताबाई, सेनगाव. जीव वाचला.' वहीसारखं त्यांनी कार्डही खरं करून ठेवलं होतं. ते माझ्याकडं परत पाठवलं, ते मला धमकी म्हणून नक्कीच नव्हे. तो माणूस तसा नव्हता. आता मुभा आहे, तुमचं तुम्ही ठरवा, असंच त्यांना म्हणायचं असणार.

गेल्या आठवड्यात मी सेनगावला गेले. शांता तूर निवडत बसली होती. मी कार्ड तिच्या सुपात ठेवलं. तिनं चष्मा लावला, वाचलं, आणि बराच वेळ अंगठा एका अक्षरावर फिरवत राहिली. तिला अक्षरं मीच शिकवली होती, पाटीवर, हात धरून. ती म्हणाली, "हा तर तुझा ळ हाय, आक्का." मी "व्हय" म्हटलं. मग मी सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्याच क्रमानं. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी ओट्यावर बसले होते. दार उघडलं नाही.

चार दिवस फोन नाही. मी केला तर उचलला नाही. युसूफभाईंचं 'जलमभर' डोक्यात घुमत होतं, आणि दोघींचे आता किती दिवस उरले असतील ते मी मोजत होते. आज सकाळी फोन वाजला. शांताच होती. रामराम नाही, कशी आहेस नाही.

"त्यांच्या दुकानात आता कोण बसतं?"

"सून. नसीम."

"उद्याच्या पहिल्या गाडीनं येते. माझं माप न्हाई मला माहीत. ती घील ना?"

"घेईल की."

मग म्हणाली, "तुझ्याशी मी बोलणार हाय का, ते मला आज तरी ठाऊक न्हाई. तू नुसती स्टँडवर ये. आन् ते कार्ड मागू नको परत. त्यावर माझं नाव हाय."

मी उद्या स्टँडवर जाणार आहे.